एकीचा उजेड, दुसरीवर सावली: गावभागातल्या एका छोट्या स्वयंपाकघराचं प्रकरण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीच्या गावभागातून एका वहिनींचा फोन आला. “दादा, ओट्यावर तीन लटकते दिवे लावलेत. दिसायला एकदम छान आहेत. पण सासूबाई म्हणतात, काढा ते. तुम्ही एकदा येऊन बघता का?” मागून आजींचा आवाज आला, “त्याला म्हणावं रात्री ये. दिवसा येऊन काय कळायचं न्हाई.”

आजींचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सांगली-मिरजेत घरांची वायरिंग आणि लाइट फिटिंगची कामं करताना मला २२ वर्षं झाली. सुरुवातीची कित्येक वर्षं मी स्वयंपाकघर बघायला सकाळी अकराला जायचो. पॉइंट कुठं आहे, वायर कुठून आणायची, एवढं बघून परत यायचो. सावली कुठं पडते ते सकाळी दिसतच नाही. म्हणून या घरी संध्याकाळी साडेसातला, ऐन पोळ्यांच्या वेळी गेलो.

घर गणपती मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुनं, दगडी जोत्याचं. स्वयंपाकघर ७ बाय ९ फूट. वर लाकडी तक्तपोशी, चुलीच्या काळातल्या धुरानं काळी पडलेली, उंची ८ फूट. पूर्वेच्या ७ फुटी भिंतीला कडप्प्याचा ओटा, उजव्या टोकाला गॅस आणि त्याच्यावर एक्झॉस्ट फॅन. ओट्याच्या डाव्या भागावर एकाखाली एक दोन सागवानी फळ्या. खिडकी एकच, दक्षिणेला, बोळात उघडणारी, आणि समोर लगेच शेजाऱ्यांची भिंत. पश्चिमेला दार. दाराशेजारी भिंतीला टेकून आजींची जागा: पाट, विळी, भाजीची पाटी. आजी सत्तरी ओलांडलेल्या आहेत, पण भाजी चिरणं, नारळ खवणं, तांदूळ-डाळ निवडणं ही कामं अजून त्यांचीच. त्या सुरीला हात लावत नाहीत. सगळं विळीवर.

आजींची ही जागा नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं.

आधी काय होतं ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून काय झालं असेल त्याचा अंदाज यावा. या घरात ओट्याच्या कडेपर्यंत पाणी उभं होतं. ते ओसरल्यावर जुनी वायरिंग काढून टाकावी लागली. नवी घाईघाईत झाली, आणि स्वयंपाकघराच्या वाट्याला छताच्या मधोमध एकच पॉइंट आला. त्या महिन्यात सांगलीत वायरमन मिळत नव्हता. मी स्वतः दिवसाला तीन-तीन, चार-चार घरं करत होतो आणि ‘मधोमध एक पॉइंट, पुढचं पुढं बघू’ हे मीही बऱ्याच ठिकाणी केलं. लोकांना घरात पुन्हा उजेड हवा होता, त्यात चूक काही नव्हती. पण ते ‘पुढचं’ बघायला कुणी परत गेलं नाही, मीही नाही. हे मला आज खटकतं.

त्या पॉइंटला २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब होती. ती काही वर्षं चालली. वहिनींची तक्रार एकच होती: ओट्यावर दिसत नाही. त्यांनी आधी २० ची काढून २४ वॅटची लावून बघितली, फरक पडला नाही. मग मोबाइलवर एका स्वयंपाकघराचे फोटो बघितले, त्यात ओट्यावर ओळीनं काचेचे दिवे टांगलेले. तसेच तीन मागवले: पिवळसर काच, आत तारेसारखी दिसणारी एलईडी, ४ वॅटचा एकेक बल्ब. छतातला पॉइंट ओढून ओट्यावर आणला, ट्यूब काढून माळ्यावर टाकली, आणि घरात वाद सुरू झाला.

वहिनींची हौस मला जराही चुकीची वाटली नाही. दिवसाचे पाच-सहा तास ज्या खोलीत जातात ती देखणी असावी असं वाटणारच. आपल्याकडं हॉलच्या पीओपीवर लाखभर रुपये खर्च होतात आणि स्वयंपाकघराला उरलीसुरली ट्यूब मिळते, याचं मला नेहमी वाईट वाटतं. त्यामुळं तिथं जाऊन ‘हे शोभेचे दिवे काढून टाका’ एवढंच सांगून यायचं नाही, हे मी मनाशी ठरवूनच गेलो होतो.

पहिलं काम मी सगळीकडं करतो तेच केलं. वहिनींकडून एक पांढरा कागद घेतला, ओट्यावर पोळपाटाच्या जागी ठेवला आणि त्यांना म्हटलं, रोज जशा उभ्या राहता तशा उभ्या राहा आणि लाटण्यासाठी वाकता तशा वाका. माळ्यावरची जुनी २० वॅटची ट्यूबही काढायला लावली आणि तात्पुरती जुन्या जागी टांगून तिच्याखालीही हेच केलं. हातात उजेड मोजायचा लक्स मीटर होताच. दिव्यातून एकूण जेवढा उजेड बाहेर पडतो तो ल्युमेनमध्ये मोजतात. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन उजेड पडला की तो एक लक्स. मी स्वतः ओट्यावर ३०० पासून ५०० लक्सपर्यंत धरतो. चिरणं, निवडणं, पाक बघणं यापेक्षा कमी उजेडात होतं, पण डोळ्यांवर ताण येतो, आणि वय वाढलं की आणखी जास्त उजेड लागतो.

मधोमध ट्यूब असताना ओट्यावर कुणी उभं नसेल तर १३० लक्स. वहिनी उभ्या राहिल्या की ४०. आजींच्या विळीवर ११०.

तीन लटकते दिवे असताना प्रत्येक दिव्याच्या बरोबर खाली १५०, दोन दिव्यांच्या मध्ये ६०. आजींच्या विळीवर ८.

आठ! हा आकडा मी वहिनींना मीटरवर दाखवला तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या. आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, “मी म्हणतच हुते. हिच्या पाठीनं सगळा उजेड झाकलाय.”

आणि खरंच तसं होतं. ट्यूब मधोमध होती तेव्हा ती आजींच्या समोर होती आणि वहिनींच्या पाठीमागं. म्हणून आजींना दिसायचं, वहिनींना स्वतःच्याच सावलीत पोळ्या लाटाव्या लागायच्या. ट्यूब २४ वॅटची केली तरी तेच, कारण दिवा पाठीमागंच राहिला. उजेड वाढला तशी सावली आणखी ठळक झाली. दिवे ओट्यावर आले तेव्हा वहिनींची सावली फिरून आजींच्या अंगावर गेली. दोघींचा वाद दिव्यांवरून चाललाय असं घरातल्यांना वाटत होतं. मला ती खोलीची भूमिती दिसत होती.

ल्युमेनचा हिशेबही तिथंच बसून केला. ७ बाय ९ म्हणजे ६३ चौरस फूट, साधारण ५.८ चौरस मीटर. २० वॅटच्या बऱ्या ट्यूबचे २,००० ल्युमेन. त्यातला अर्धा उजेड भिंती, भांडी, छत गिळतात असं धरलं तरी उरलेले १,००० भागिले ५.८, म्हणजे १७० लक्सच्या आसपास. मीटरवर त्याहून कमी आलं ते काळ्या तक्तपोशीमुळं. पांढरा रंग ७०-८० टक्के उजेड परत फेकतो, धुरानं काळं झालेलं लाकूड जेमतेम १०-१५. उलट त्या तीन शोभेच्या बल्बांच्या डब्यांवर ३०० ल्युमेन लिहिलं होतं, म्हणजे तिन्ही मिळून ९००, ट्यूबच्या निम्मेही नाहीत. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, कारण आपण वॅट विचारतो. विचारायला हवेत ल्युमेन. वॅट हा विजेचा खर्च झाला, उजेड नव्हे.

तक्तपोशीला पांढरा रंग द्या असं मी एकदा सुचवून बघितलं. आजींनी नुसतं वर बघितलं आणि मी विषय सोडला.

मग आजींच्या शेजारी खाली बसलो, त्यांच्या पाटाएवढ्या उंचीवर. हे आधी कधीच केलं नव्हतं याची मला आता खंत वाटते. स्वयंपाकघराच्या लाइटची जी काही माहिती मी वाचली, शिकलो, ती सगळी उभ्यानं स्वयंपाक करणाऱ्यांची. काम ओट्यावर, कपाट डोळ्यासमोर, दिव्याची पट्टी कपाटाखाली. आपल्याकडच्या कित्येक घरांत निम्मं काम अजून जमिनीवर होतं. आजी विळीच्या पाटावर एक पाय दाबून बसल्या होत्या. दोन्ही हातांत गवारीची मूठ, आणि ती मूठ पात्यावर पुढं ढकलत होत्या. सुरी हातात असते, ती हलते, म्हणून तिचा अंदाज राहतो. विळीचं पातं उभं असतं, हात त्याच्याकडं जातो. पात्याची धार दिसली पाहिजे. त्या ८ लक्सात धार दिसतच नव्हती. पातं आणि मागचा अंधार एकच काळा. आजी बोटांच्या सवयीवर चिरत होत्या. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

उजेड शेजारून, डावीकडून, जरा वरून आला तर पात्याच्या धारेवर एक बारीक पांढरी रेघ उमटते. ती रेघ मला हवी होती. मोबाइलची बॅटरी उत्तरेच्या भिंतीजवळ धरली, हळूहळू वर नेली. साडेसहा-सात फुटांवर ती रेघ लख्ख दिसली. आजी आणि वहिनी दोघीही काम करताना पूर्वेकडं तोंड करतात, म्हणजे उत्तर दोघींच्या डाव्या हाताला. दोघी उजव्या हाताच्या. आणि उत्तरेची भिंत पांढरी होती. ट्यूबची जागा तिथंच ठरली. छतावर लावली असती तर निम्मा उजेड काळ्या लाकडात मुरला असता. भिंतीवर लावल्यानं भिंतच दिवा झाली.

दुसऱ्या दिवशी रंगांची परीक्षा घेतली. यात मोठी मदत घरातल्या भाऊंची झाली. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा भाव ठरताना आजही हळकुंड मोडून आतला रंग डोळ्यांनीच बघतात. भाऊ म्हणाले, “ट्यूबखाली हळद बघून कुणी बोली करत नाही. बाहेर उन्हात न्यायची.” मी म्हटलं, मग तुमच्याच डोळ्यांनी बल्ब निवडू.

तीन स्टीलच्या ताटल्या घेतल्या: एकीत हळद, एकीत तिखट, एकीत चिरलेली कोथिंबीर. त्यांच्यावर एकामागून एक तीन बल्ब. पहिला त्यांचाच पिवळ्या काचेचा. हळद आणि ताटली एकाच रंगाची दिसायला लागली, कोथिंबीर काळपट. दुसरा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला स्वस्तातला, ६,५०० केल्व्हिनचा पांढराशुभ्र. (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा: लहान तेवढा पिवळसर, मोठा तेवढा निळसर-पांढरा.) हळदीवर हिरवट छटा आली आणि तिखट विटकरीच्या भुग्यासारखं दिसलं. वहिनी म्हणाल्या, “मिरची मागच्या वर्षीची वाटतेय.” तिसरा ४,००० केल्व्हिनचा, ज्याच्या डब्यावर सीआरआय ९० च्या वर लिहिलेलं होतं. तिखट लाल झालं. भाऊंनी हळदीची ताटली हातात घेतली, दारात जाऊन उजेडात बघितली, परत आणून दिव्याखाली बघितली आणि म्हणाले, “हा चालेल.”

सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. १०० म्हणजे पूर्ण खरे. बाजारातले बहुतेक बल्ब ८० च्या आसपास असतात. गोम अशी की त्या ८० मध्ये गडद लाल रंग धरलेलाच नसतो. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-नाइन, आणि ८० च्या बल्बांत तो बऱ्याचदा अगदीच कमी असतो. हॉलमध्ये हे चालून जातं. स्वयंपाकघरात फोडणीतलं जिरं खमंग झालंय की करपायला लागलंय, कांदा गुलाबी आहे की तांबूस, हे सगळं लाल-तपकिरीच्या छटांवर कळतं. पन्नास-शंभर रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

‘पांढराशुभ्र म्हणजे जास्त उजेड’ हा समज इतका पक्का आहे की त्यावर मी वर्षातून पन्नास वेळा बोलतो. तो नजरेला टोचतो म्हणून जास्त वाटतो. ल्युमेन जवळपास तेवढेच असतात.

आता मांडणी. गॅसवर लाकडी फळी नव्हती हे फार बरं होतं, नाहीतर ती आधी काढायला सांगितली असती. खालची फळी ओट्यापासून दोन फूट वर, पाच फूट लांब. तिच्याखाली दीड मीटर एलईडी स्ट्रिप, २४ व्होल्टची, मीटरला १० वॅट, अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे पन्हळीत, वर दुधी कव्हर. प्रोफाइल नुसतं दिसायला नसतं. स्ट्रिपची उष्णता ते ओढून घेतं. उघडी स्ट्रिप लाकडावर चिकटवली तर ती वर्ष-दोन वर्षांत मंदावते आणि फोडणीची वाफ तिच्यावर चिकट थर धरते.

इथं माझी एक चूक झाली. स्ट्रिप मी फळीच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून लावली. टाइल्स उजळतात, छान दिसतं, म्हणून मला ती जागा आवडते. कायमचं बसवायच्या आधी दोन दिवस नुसतं टेपनं चिकटवून ठेवायची माझी पद्धत आहे, तिनं वाचवलं. दुसऱ्या दिवशी आजींचा निरोप आला: “डोळ्यात घुसतोय.” जाऊन पुन्हा त्यांच्या पाटाशेजारी बसलो. खालून, लांबून बघणाऱ्याला फळीच्या खालची सगळी बाजू दिसते, आणि मागची स्ट्रिप सरळ नजरेत येते. उभ्या माणसाला ती कधीच दिसत नाही. शिवाय चकचकीत टाइलमध्ये तिचं प्रतिबिंब पडून एकाच्या दोन रेघा झाल्या होत्या.

सुताराकडून फळीच्या पुढच्या कडेला दोन इंची सागवानी पट्टी मारून घेतली आणि स्ट्रिप त्या पट्टीच्या मागं, किंचित भिंतीकडं कलती बसवली. आता आजींच्या नजरेपासून ती पूर्ण झाकली गेली, आणि उजेड वहिनींच्या समोरून ओट्यावर पडायला लागला. वहिनी वाकून लाटत असताना कागदावर ४८० लक्स. त्यांची सावली आता मागं जमिनीवर जाते, आणि भिंतीवरची ट्यूब ती पुसून टाकते.

गॅसची जागा वेगळी. तिथं शेजारून आलेला उजेड कढईच्या तळापर्यंत पोचत नाही. भाजी बुडाला लागतेय का ते बघायला उजेड वरूनच हवा, तोही डोक्याच्या पुढून. तक्तपोशीला, भिंतीपासून एक फूट पुढं, ७ वॅटचा एक छोटा स्पॉट लावला. वहिनींचं डोकं दोन फुटांवर असतं, म्हणून तो त्यांच्या कपाळासमोरून खाली उतरतो. गॅसच्या वरच्या लाकडावर लाइट लावताना फिटिंग पत्र्याचं किंवा अॅल्युमिनियमचं घ्यावं, प्लास्टिकचं नको, आणि वाफेच्या थेट वाटेत नको.

एवढं झाल्यावर शोभेची गोष्ट काढली. वहिनी म्हणाल्या, “उजेड मिळाला, दादा. पण आता ते दवाखान्यासारखं दिसणार.”

मी फळीवर बघितलं. खालच्या फळीवर पुढं रोजचे स्टीलचे डबे ओळीनं, आणि त्यांच्यामागं, दिसेल न दिसेल अशी, आजींच्या सासूबाईंच्या काळातली पितळी भांडी: दोन तपेली, एक कळशी, कडीचा डबा, तीन लोटे. या भांड्यांच्या घरात दिवा विकत आणून टांगायची गरजच काय, असं माझ्या मनात आलं. शोभा फळीवर होती, तिच्यावर दिवा पडायचा बाकी होता.

स्टीलचे डबे खाली ट्रॉलीत गेले. वरच्या फळीखाली तशीच पट्टी आणि दीड मीटर स्ट्रिप, पण मंद, मीटरला ५ वॅट, आणि २,७०० केल्व्हिनची, समईच्या ज्योतीच्या जवळ जाणारी. हीसुद्धा आधी भांड्यांच्या मागं धरून बघितली. मागून उजेड आला की भांडी काळी आकृती होतात, नुसत्या कडा दिसतात. पुढून, वरून पडला की पितळेच्या पोटावर एक लांब सोनेरी रेघ येते, आणि ठोक्याचे खळगे एकेक दिसतात. स्टीलवर तोच उजेड आरशासारखा टोचतो. म्हणून स्टील आणि पितळ एका फळीवर ठेवू नका, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतोय.

कळशीवर प्रकाश पडला तेव्हा आजी पाटावरून उठून आल्या, तिच्या गळ्यावरची अक्षरं बोटानं चाचपली. भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती ना, ती. “हे इतकी वर्षं वाचलंच न्हवतं मी,” म्हणाल्या.

वहिनींचे तीन दिवे वाया गेले नाहीत. दोन सोप्यात झोपाळ्याशेजारी टांगले, तिथं त्यांचा पिवळा उजेड शोभतो आणि कुणाला काही निवडायचं नसतं. एक स्वयंपाकघरातच ठेवला, दक्षिण-पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथं माठ आणि तांब्याचा हंडा आहे. कुणाच्या डोक्याला लागत नाही, गॅसपासून लांब, आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्याला तेवढा पुरतो. ओट्यावर, गॅसजवळ लटकता दिवा मी शक्यतो लावू देत नाही. डोळ्यांच्या उंचीला उघडा बल्ब आला की बाकी सगळं अंधारं वाटतं, आणि काचेवर महिन्याभरात तेलाचा पिवळा थर बसतो.

वायरिंगचं थोडक्यात. पुराची आठवण ठेवूनच सगळं वर घेतलं. दोन्ही स्ट्रिपांचे ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज स्ट्रिपला चालेल अशी करून देणारे डबे, वरच्या फळीच्याही वर, हवा खेळेल असे, आणि लागणाऱ्या वॅटच्या दीडपट-दुप्पट ताकदीचे. काठोकाठ घेतलेला ड्रायव्हर तापतो आणि लवकर जातो. जोड एकही पाच फुटांच्या खाली नाही. लाकडाला भोक न पाडता पीव्हीसी केसिंग पट्टी भिंतीवरून फिरवली. मेन बोर्डला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, नव्हतं, ते बसवलं. ओल्या हातांच्या आणि पुराच्या गावात हे दिव्यांच्याही आधी हवं. अर्थिंग तपासलं. एलईडीवर बीआयएसचा शिक्का बघूनच सामान घेतलं, आणि प्रत्येक दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितला: पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, संध्याकाळपर्यंत डोकं मात्र दुखतं.

माठाजवळचा दिवा सोडला तर चार दिवे, चार बटणं: ट्यूब, ओटा, गॅस, फळी. हे चारही एकदम लावले तरी ५० वॅटच्या आत. रोज पाच तास धरले तर महिन्याला साडेसात युनिट, आणि सगळे एकदम कधी लागतच नाहीत. सामान, सुतार, मजुरी मिळून खर्च ८,००० च्या आत बसला. त्यातली आरसीसीबीची रक्कम दिव्यांची धरू नये. विळीवर आता १६० लक्स आहेत. मला २०० हवे होते. त्यासाठी आजींच्या डाव्या हाताला, भिंतीवर आणखी एक छोटा दिवा सुचवला होता. त्यांनी नको म्हटलं, तिथं कॅलेंडर असतं.

आषाढ अमावास्येला सहज डोकावलो. दिव्याची अवस. चिंचेनं घासलेल्या समया, निरांजनं, लामणदिवा पाटावर मांडलेले, आणि ओट्यावर कणकेचे गोड दिवे वाफवायला ठेवलेले. वहिनींनी स्ट्रिपचं दुधी कव्हर सरकवून काढलं होतं, साबणाच्या पाण्यानं धुतलं होतं आणि कोरडं पुसून परत बसवत होत्या. तेलाचा थर जेमतेम महिन्याभराचा होता, पण कापड पिवळं झालं होतं.

संध्याकाळ झाली. आजी उठल्या, बोर्डापाशी गेल्या. चारपैकी एका बटणावर लाल ठिपका होता. मी वाकून बघितलं, कुंकवाचं बोट होतं. आजींनी तेवढं एकच बटण दाबलं, पितळेवर उजेड पडला, मग त्या देवापुढचं निरांजन लावायला वळल्या.